खुंटीवरचं पोतं

दिग्रस
७ फेब्रुवारी २००८

शहजाद,

सलाम. लिहिणार नव्हती, पण अम्मीनं सवय लावून ठेवली हाये, भांडायचं असलं तरी आधी सलाम करा. म्हणून केला.

अम्मी गेली. रविवारी, तीन तारखेले, दुपारी जोहरच्या नमाजाच्या थोडं आधी. तुले ठाऊक हाये, कारण तुह्या दुल्हेभाईनं, जमीरनं, दुकानात फोन केला तेव्हा तूच उचलला. तू 'हं' म्हणाला आन् ठेवून देल्ला. हं! अरे, शेजारची बकरी मेली म्हणून सांगितलं तरी माणूस 'कशी काय' म्हणून विचारते. तुह्या जन्मदात्या आईसाठी तुह्याजवळ एक अक्षर निंगलं.

मौलवीसाहेब म्हणत होते, सांजच्या मगरिबच्या आधी दफन उरका. मी म्हटलं, पोरगा येऊन राह्यला. सकाळपर्यंत थांबवलं लोकायले. सोमवारी नांदेडकडची पहिली गाडी पुसदवरून आली, जमीर स्टँडवर उभा होता. गाडीतून तीन मास्तर उतरले आन् एक कोंबड्यावाला. जमीर घरी येऊन माह्याकडे पाहतच नव्हता. मंग मीच म्हटलं, चला, उचला.

सहा वर्षं होत आली तुले अम्मीशी बोलून. एका रजईपायी. तीन वेळा मी निरोप पाठवला का अम्मीले कॅन्सर हाये, येऊन भेट. नाई आला. आता चाळीसावा तेरा मार्चले हाये, गुरुवारी. ये. मी पाया पडून बोलावत नाई, मी तुही मोठी बहीण हाये, हुकूम करून राह्यली.

आणखी एक. त्या रजईबद्दल मले तुले काही सांगायचं हाये. ते तू इथं येऊन, अम्मीच्या अंगणात बसून, माह्या तोंडून ऐक. कागदावर लिहायची माही हिंमत नाई.

तुही आपा,
फरहाना


दिग्रस
१५ फेब्रुवारी २००८

शहजाद,

उत्तर नाई. फोन केला तं नंबर पाहून कापते. ठीक हाये, तू नको बोलू, मी लिहिते. आपण दोघं नगरपरिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, उर्दू तुले वाचता येत नाई, म्हणून मराठीत लिहून राह्यली. 'समजलं नाई' म्हणायची सोय तुले ठेवत नाई.

काल अम्मीची खोली झाडली. खुंटीवर अब्बाचं धनुष्यासारखं पिंजण तसंच टांगलेलं हाये. पाहून मले अब्बा गेले ते दिवस आठवले. तू नऊ वर्षांचा होता, मी अकरा. सारे म्हणत होते, हाफिज पिंजारी गेला, आता या घराचा चुलीवरचा तवा उतरला. अम्मीनं घरात बसून इद्दतचे चार महिने दहा दिवस पुरे केले, आन् दुसऱ्या दिवशी पिंजण खाली उतरवलं. मोहल्ल्यातले दोघं-तिघं समजवाले आले. बाईनं पिंजणाची तात वाजवू नये, बरं दिसत नाई. अम्मी म्हणे, 'बरं, मंग थंडी आली का तुम्ही गारठून झोपा.' तेच लोक दिवाळीच्या आधी डोक्यावर जुन्या रजया घेऊन लायनीत उभे होते.

तात वाजायची तं आपण अंगणात नाचत होतो, आठवते? भुवया पांढऱ्या, डोक्यावर कापूस. शाळेतले पोरं तुले 'म्हातारा आला' म्हणत, आन् तू रडत घरी येत होता. अम्मी म्हणे, 'रडतं कायले? म्हातारा म्हटलं म्हणजे उमर लंबी होते.' खोटंच बोलायची, पण इतल्या भरोशानं का पटून जाय.

आन् ते पोतं. पश्चिमेच्या भिंतीवर, उंच खुंटीले, पांढऱ्या दोरीनं बांधलेलं. मय्यतीचा कापूस. अब्बाच्या अब्बापासून चालत आलेलं. दिग्रसमधी कोणाच्याही घरी माणूस मेलं का आपल्याकडे येत, नाका-कानात घालाले कापूस न्याले. आपले, हिंदू, बौद्ध, तांड्यावरचे, सारे. त्यासाठी अम्मी देशी कापूस वेगळा घेत होती, सरकी हातानं काढत होती, मशिनीचा चालत नव्हता. कोणी पैसे काढले तं तिचा पारा चढे. 'जन्माले आल्यावर पहिलं अंग पुसते ते कापसानं आन् मातीत जाताना शेवटचा हात लागते तो कापसाचा. त्याचे पैसे घेईन तं माह्या हाताले लकवा होईन.'

देशी कापूस द्यायचे बापूजी, अरुणावतीकाठचे. तू लहानपणी त्यायच्या सायकलची घंटी काढून आणली होती, तेच. साऱ्या गावानं बीटी लावली, बापूजीनं बांधाकडचे चार तास, चारच ओळी, देशीचे ठेवले. लोक हसत, याले बोंड कुठी हाये, भाव कुठी हाये. बापूजी अम्मीचं नाव घेऊन म्हणत, 'ते रहमतबीचं हाये. त्याचा भाव नका काढू.'

तू गेल्यावर इथं काय काय झालं ते तुले कोण सांगन? पेपरात वाचलं असशीन. अम्मी पेपर वाचत नव्हती, तिले पोत्यावरून समजत होतं. एरवी ते पोतं वर्षातून एकदा भरायचं. दोन हजार सहा साली तीनदा भरलं. फवारणीचं औषध प्यालेले जवान शेतकरी पोरं, शहजाद. तुह्या वयाचे. एकदा अम्मी कापूस देऊन माणसाले वाटेले लावून आली आन् ओट्यावर बसून म्हणे, 'फरहाना, हे काय चाललं बाप्पा? मी शादीच्या रजया कधी भरू?'

आन् एका दुपारी बापूजी आले. सायकल भिंतीले टेकवली आन् उभेच. अम्मीनं विचारलं, कोण? म्हणे, आपला नागोराव. त्यायचा एकुलता एक पोरगा. घरात छतापर्यंत कापूस भरून होता, पण सून भागीरथा म्हणत होती, या घरातला कापूस त्याच्या अंगाले लावू देणार नाई. म्हणून म्हातारा बारा किलोमीटर सायकल मारत आला होता. अम्मीनं दोरी सोडली. म्हणे, 'बापूजी, हा घरातला नाई. तुमच्या बांधावरचा हाये आन् माह्या हातचा हाये.' त्या माणसानं कापूस ओंजळीत घेतला आन् तिथीच खाली बसला. अम्मी त्यायच्या सायकलवर मागं बसून गावाले गेली. पंचावन्न वर्षांची बुरखेवाली बाई सायकलच्या कॅरेजवर! तीन दिवस भागीरथापाशी राह्यली, तिले घास भरवून आली.

या बाईले तू म्हणाला होता, मुर्द्याची पिंजारीण.

तुले वाटते, शादीच्या वक्ती कापूस कमी पडला म्हणून अम्मीनं या पोत्यातला काढून तुह्या रजईत भरला. आन् म्हणूनच तुह्या कहकशांचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तू ती रजई अंगणात फेकली, बायकोले घेतलं आन् निजामाबाद गाठलं. बाळाचं दुःख मलेही झालं, माह्याही हातानं त्याच्यासाठी झबले शिवले होते. पण तू एकदा तरी विचारलं का, हे खरं हाये का?

ये चाळीसाव्याले.

आपा


दिग्रस
२४ फेब्रुवारी २००८

शहजाद,

हे रजिस्टर करून पाठवून राह्यली, पोचपावतीचं. म्हणजे तुले 'मिळालं नाई' असंही म्हणता यायचं नाई. पोस्टातला बाबू म्हणे, कोर्टाचं हाये का? म्हटलं, त्याहून वरचं.

तुले अम्मीची बिमारी सांगते म्हटलं तं रडू नाई येऊन राह्यलं, हसू येऊन राह्यलं. अशी बिमार बाई मी नाई पाह्यली.

तिच्या बोटायचं तुले ठाऊकच हाये. पिंजलेल्या ढिगावरून नुसता हात फिरवायची आन् म्हणायची, इथं एक सरकी राह्यली. काढून पाह्यलं तं सरकीच. त्याच बोटायले न्हाताना डाव्या छातीत लागलं. हरभऱ्याएवढं. आम्हाले एक शब्द नाई बोलली. एकटी सरकारी दवाखान्यात गेली, मंग घरी येऊन म्हणे, 'फरहाना, नागपूरले जा लागते, डबा कोणता घेऊ?' जसं काई कोणाच्या शादीले चालली.

एक बाजू काढून टाकली. सुया घेतल्या, केस गेले. केस गेले तेव्हा म्हणे, बरं झालं, आता कापूस अडकत नाई. वॉर्डातल्या साऱ्या बायायले सांगून ठेवलं होतं, माहा पोरगा निजामाबादले गाद्यायचा मोठा दुकानदार हाये, त्याले सवड नाई म्हणून येत नाई. एक नर्स तं तुह्या दुकानाचा पत्ता मागत होती, दहा टक्के कमी करन का म्हणून! तू फोमच्या गाद्या विकते हे मी अम्मीले भीत भीत सांगितलं होतं. मले वाटलं, आता भडकते. फोमनं तं आपला धंदा बुडवला. अम्मीनं बसल्या गादीले बोट दाबून पाह्यलं. मंग म्हणे, 'लोकायले झोपायचंच देते ना? धंदा तोच हाये.'

घरी आल्यावर डावा हात सुजला. ज्या हातानं पिंजण धरायची तोच. पिंजण खुंटीवर गेलं ते गेलंच. मले वाटलं, आता ही खचते. पंधरा दिवसांनी पाहते तं बाई बुरखा घालून चालली. कुठी? म्हणे, रजया पाहाले.

रजया कायच्या! तिनं मलमलच्या लहान लहान चकत्या शिवल्या होत्या. आत पिंजलेला कापूस, आन् त्या कापसात एक सरकी. घरोघरी जायची. बायायले बसवायची, चकती हातात द्यायची आन् म्हणायची, 'शोध.' बाया दाबत राहत, सापडत नव्हतं. अम्मी शिकवायची, दाबायचं नाई, तीन बोटं जवळ घ्यायचे आन् गोल गोल फिरवायचे, हळू. सापडली का मंग दरवाजा लोटून म्हणायची, 'आता हेच बोटं महिन्यातून एकदा आपल्या अंगावर. न्हाताना. नवऱ्याले विचारायची गरज नाई.' बाया पदर तोंडाले लावून हसत. काई हाकलूनही देत. भाजीवाली नंदाबाई आठवते? तिनं तं चौकात शिव्या देल्ल्या, म्हातारपणी बाईले चळ लागला म्हणे. अम्मीनं तिच्या टोपलीत भेंडीच्या खाली चकती टाकली आन् निंगून आली.

दोन महिन्यांनी नंदाबाई आपल्या ओट्यावर रडत बसलेली. तिले सापडलं होतं. अम्मी तिले घेऊन नागपूरले गेली, तिच्याच बिछान्याशी जमिनीवर झोपली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं. आज नंदाबाई अशी खणखणीत हाये का पार बसस्टँडपर्यंत आवाज जाते. अम्मीचं मात्र लवकर नव्हतं. ते हाडात गेलं होतं. अम्मी म्हणे, 'चाल बाई, एकीचं तं वेळेवर सापडलं.'

या पाकिटात एक चकती ठेवली हाये. अम्मीच्या हातची. कहकशांले दे.

आता ऐक. हे लिहायचं नव्हतं, पण तू येत नाई तं काय करू.

तुह्या रजईत मय्यतीचा कापूस अम्मीनं भरला नव्हता. मी भरला होता. अम्मी पुसदले कपडे आणाले गेलती. रजई अर्धी भरून झाली होती, कापूस पुरला नाई, आन् गडबडीत मी चुकून खुंटीवरचं पोतं काढलं. चुकून झालं. अम्मीनं माह्यासाठी आपल्या नावावर घेतलं.

आता तरी ये.

आपा


दिग्रस
३ मार्च २००८

शहजाद,

पोचपावती आली. सही तुही नाई, कहकशांची हाये. म्हणजे पत्रं घरात पोचून राह्यले, आन् वाचणारं कोणी हाये. कहकशां, तू वाचून राह्यली असशीन तं यालेही वाचून दाखव. हातातून घेऊन फाडाले लागला तं मोठ्यानं वाच.

मागच्या पत्रात मी 'चुकून' लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं तेव्हापासून मले भाकर गोड लागत नाई. चुकून नव्हतं.

रजईसाठी अम्मीनं बरोबर मोजून कापूस पिंजून ठेवला होता. तो कमी पडला, कारण त्यातला मी आधीच काढून माह्या जहेजच्या उशायमधी भरला होता. मले मऊ उशा पाह्यजे होत्या. जमीरशी माहं जवळपास ठरलं होतं आन् मी हवेत होती. रजई पोकळ राह्यली तेव्हा घाबरली. अम्मी येईन, विचारन, उशा पाहीन. मी स्टुलावर चढली. खुंटीवरचं पोतं उतरवलं. पांढरी दोरी मले दिसली, शहजाद. पांढरी दोरी कायची असते ते मले चार वर्षांची होती तेव्हापासून ठाऊक होतं. दोरी सुटत नव्हती तं मी दातानं सोडली. मनात म्हटलं, कापूस तो कापूस. चार दिवसांत बापूजीकडून आणून भरून टाकीन, कोणाले काय समजते.

चार दिवस मिळालेच नाई. तुह्या वलीम्याच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरून सोनीबाई आली, सासरा मेला म्हणून. अंगण पाहुण्यायनं भरलेलं. अम्मीनं पोतं उतरवलं, हात घातला, रिकामा बाहेर आला. सारे पाहून राह्यले. अम्मीनं फक्त एकदा माह्याकडे पाह्यलं. मंग आत गेली, आपली उशी ब्लेडनं फाडली, त्यातला कापूस सोनीबाईच्या पदरात टाकला आन् म्हणे, 'जा बाई, उशीर नको करू.' पाहुण्यायले तेव्हाच शंका आली, मय्यतीचा कापूस गेला कुठी?

वर्षभर कुजबुज राह्यली. मंग बाळ गेलं आन् कहकशांच्या फुफीनं भर अंगणात विचारलं, रहमतबी, खरं सांगा, रजईत कोणता कापूस हाये? मी आत कणीक मळून राह्यली होती. दाराच्या फटीतून सारं दिसत होतं. मी बाहेर येऊन एक वाक्य बोलली असती तं तू आज दिग्रसमधी असता. मी नाई आली. अम्मी म्हणे, 'मी भरला. कमी पडला म्हणून मी भरला.' मंग तू जे बोलला ते बोलला.

तू गेल्यावर मी तिचे पाय धरले. म्हटलं, मी जाते, भाईले थांबवते, खरं सांगते. तिनं माहा हात पकडला. म्हणे, 'जमीरची अम्मी उद्या साखर घेऊन येऊन राह्यली. तुहं मोडलं तं पुन्हा जुडणार नाई. तो पोरगा हाये. रागात गेला तरी परत येईन.' आन् कसम घातली, माह्या जिवात जीव हाये तोपर्यंत तोंड उघडायचं नाई.

परत येईन, असं ती म्हणाली होती. सहा वर्षं तिनं त्या भरोशावर काढली. शेवटल्या महिन्यात मी म्हटलं, अम्मी, आता तरी कसमेतून सोड, मले लिहू दे. म्हणे, 'आता कायले? त्याले वाईट वाटन.' तुले वाईट वाटन म्हणून, शहजाद! हाडं दुखून रातभर कण्हणारी बाई तुह्या वाईट वाटण्याची फिकीर करत होती. आता तिच्या जिवात जीव नाई, माही कसम सुटली, म्हणून लिहून राह्यली. घाबरट ते घाबरटच. जमीरले परवा सांगितलं. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणे, 'अम्मीले मी सहा वर्षं सलाम कमी केले, फरहाना.' मंग दोन दिवस माह्या हातचा चहा नाई घेतला.

आणखी एक सांगायचं हाये. हे वाचताना खाली बस.

तू अंगणात फेकलेली रजई अम्मीनं जाळली नाई. चार वर्षं जपून ठेवली, मंग पोतं पुरेनासं झालं त्या साली उसवली. लाल साटनचा कपडा धुऊन घडी करून पेटीत ठेवला. कापूस पुन्हा पिंजला, अगदी पहिल्यासारखा, आन् पोत्यात भरला. म्हणे, ज्याचा होता त्याले देल्ला. नागोरावले जो देल्ला तो त्यातलाच होता. पण एक मूठ तिनं काढून ठेवली होती, लाल साटनच्या तुकड्यात बांधून, बांगड्यांच्या डब्यात. जायच्या आठ दिवस आधी मले दाखवली. म्हणे, 'हा माह्यासाठी. दुसरा नको घालू. हा माह्या पोराच्या शादीचा हाये.'

शेवटच्या आंघोळीचा गुस्ल मीच देल्ला. नंदाबाई दारात पाणी आणून देत होती. अम्मीच्या नाका-कानात तुह्या रजईतला कापूस माह्या हातानं घातला. ज्या हातानं चोरला होता त्याच हातानं.

तू मय्यतीले आला नाई. पण तुह्या घरचं काई तरी घेऊनच ती गेली.

मले माफ करायचं का नाई ते तुह्यावर. मी मागत नाई, तोंड नाई माहं. तिच्याकडे मात्र एकदा ये. कबरीवर ये आन् म्हण, अम्मी, तो तू नव्हता भरला.

फरहाना


दिग्रस
२६ मार्च २००८

शहजाद,

तू परवाच गेला आन् हे पत्र. म्हणशीन, आपाले सवय लागली. लागली. समोर होता तेव्हा बोलता नाई आलं, म्हणून लिहून राह्यली.

चाळीसाव्याले तू आला नाई. गुरुवारी मी दिवसभर दाराकडे पाह्यलं. बिर्याणीच्या डेगा घासून झाल्या, चटया गुंडाळल्या, तुह्या नावाची प्लेट मांजरीनं खाल्ली. मी म्हटलं, संपलं. मंग आठ दिवसांनी, भर दुपारी, अंगणात तू आन् कहकशां उभे. सोबत ते पोरगं. मले तं ठाऊकच नव्हतं का तुले पोरगं हाये! चार वर्षांचं! भुवया थेट अम्मीच्या. लपवायची पण हद्द असते, मेल्या.

तू सलाम केला आन् विचारलं, कबर कोणती. जमीर घेऊन गेला. तू तिथं काय बोलला ते मी त्याले विचारलं नाई, त्यानं सांगितलं नाई. पण तुही पँट गुडघ्यापर्यंत मातीनं भरली होती.

तू तिकडं कबरस्तानात होता तेव्हा कहकशां माह्याजवळ बसली. पर्समधून चकती काढली. मळून पार काळी झालेली. म्हणे, 'आपा, मले पहिल्याच दिवशी सापडली सरकी. मंग आमच्या बिल्डिंगीतल्या साऱ्यायले देल्ली शोधाले.' मंग म्हणे, 'बाळाच्या वक्ती डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं का माह्या रक्तातच दोष हाये. यायले राग कोणावर काढावा समजत नव्हतं. मीही गप राह्यली, आपा. तुमच्यासारखीच.' आम्ही दोघी मंग खूप रडलो. चहा उतू गेला, त्याचा डाग अजून स्टोव्हवर हाये.

आन् तू आला, हात-पाय धुतले आन् पिंजण खाली काढलं. मले वाटलं, घेऊन चालला. तू तात ओढून पाह्यली, ढिली होती, ताणली. कोपऱ्यात बापूजीनं हिवाळ्यात पाठवलेला देशी कापूस पडून होता, हात न लावलेला. तू बसला. पहिले चार ठोके वाकडे पडले. फोमवाल्याचे हात! मंग लागली. शहजाद, ती तात वाजली आन् साऱ्या गल्लीचे दरवाजे उघडले. नंदाबाई हातगाडी रस्त्यात सोडून धावत आली आन् दारातच थबकली. म्हणे, 'अवो माय, मले वाटलं रहमतबी!' तुहं पोरगं कापसात नाचत होतं. भुवया पांढऱ्या.

तू दोन दिवस पिंजलं. पोतं दाबून दाबून भरलं. मी आतून पाहत होती. तू मले काई तरी बोलशीन म्हणून मी तयार बसली होती. शिव्या दे, मार, काई तरी कर. शेवटी तू पांढरी दोरी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला, त्याच दारात, आन् माह्यापुढे धरली. 'तू बांध, आपा.' एवढंच. बांधलेली गाठ तीन वेळा सुटली. तू उभा राह्यला. मंग तूच पोतं खुंटीले लावलं, मले स्टूल लागत होतं, तुहा हात तसाच पोचला.

हे सारं तुले ठाऊकच हाये. पण नंतरचं ठाऊक नाई, म्हणून हे पत्र.

आज सकाळी भागीरथा आली. एकटी, एसटीनं. बापूजी गेले. वावरात, बांधाजवळ, बसल्या बसल्या. तिनं सांगितलं नाई कायले आली, मी विचारलं नाई. पोतं उतरवलं, दोरी सोडली, या वक्ती बोटानं, सावकाश. दोन्ही ओंजळी भरून कापूस तिच्या पदरात टाकला. तिनं तो चिमटीत धरून पाह्यला, जसा शेतकरी पाहते तसा. म्हणे, 'रहमतबी तं गेली ना, बाई? मंग हा कोणाच्या हातचा? हात तं तिचाच दिसते.'

मी म्हटलं, 'तिच्या पोरानं पिंजला.'

भागीरथा म्हणे, 'आला का तो?'

म्हटलं, 'आला.'

तुही आपा,
फरहाना